रात्री बंदुकीचा नेम दिसावा म्हणून त्यानं चमकणारा रंग बनवला, आणि तोच रंग त्याच्या हाडांत जाऊन बसला

गाडीला 'रेडियम' मारून घेतलं नाही असा माणूस आपल्याकडे शोधून सापडायचा नाही. आईचा आशीर्वाद असो नाहीतर गावाचं नाव, रेडियमवाला पाच मिनिटांत कापून चिकटवून देतो. पण त्या स्टिकरमध्ये रेडियमचा एक कणही नसतो. मागून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड तो परत फेकतो, बास.

मग नाव रेडियम कसं पडलं? कारण एकेकाळी अंधारात चमकणाऱ्या वस्तूंमध्ये खरोखरचं रेडियम असायचं. घड्याळाचे काटे, होकायंत्र, विमानातले मीटर, आणि बंदुकीची माशीसुद्धा. वस्तू गेल्या, शब्द मागे राहिला.

अमेरिकेत हा रंग कारखान्यातून बाहेर काढणारा माणूस म्हणजे डॉ. साबिन फॉन सोचोकी. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या पेपरांत त्याचं नाव गाजत होतं. आधी रंगासाठी गाजलं, नंतर त्या रंगानं घेतलेल्या बळींसाठी.

सोचोकीचा जन्म १८८३ चा, आजच्या युक्रेनच्या भागातला. शिक्षणानं डॉक्टर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो अमेरिकेत आला, तेव्हा जगाला रेडियमचं वेड लागलेलं होतं. पॅरिसमध्ये मेरी आणि पिएर क्युरीनं १८९८ मध्ये हे मूलद्रव्य शोधलं होतं. ते आपोआप चमकायचं, आपोआप गरम राहायचं. कॅन्सरच्या गाठीवर ठेवलं तर गाठ आटायची. एका ग्रॅमची किंमत लाखभर डॉलरच्या वर गेली होती. डॉक्टर म्हणून सोचोकीला त्याच्या औषधी गुणात रस होता, पण हात चालायचा तो संशोधकाचा.

रेडियम चमकतं म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहू. रेडियमचा अणू फुटतो तेव्हा त्यातून अल्फा कण सुसाट बाहेर पडतात. जवळ झिंक सल्फाइडची पूड असेल तर कण आदळला की त्या पुडीत बारीकशी ठिणगी चमकते. अशा असंख्य ठिणग्या एकत्र झाल्या की डोळ्याला हिरवट उजेड दिसतो. म्हणजे खरं चमकतं ते झिंक सल्फाइड, रेडियम त्याला सतत टोचत राहतं. यासाठी रेडियम लागतं अगदी चिमूटभराच्याही कितीतरी खाली. सेल नको, वायर नको, आधी उन्हात ठेवायला नको. रात्रभर, महिनोन्‌महिने उजेड चालूच.

ही कल्पना एकट्या सोचोकीची नव्हती. विल्यम हॅमर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं त्याच्या आधीच असा रंग करून पाहिला होता. पण १९१३ च्या सुमारास सोचोकीनं स्वतःचं मिश्रण बसवलं आणि त्याचा धंदा उभा केला. जॉर्ज विलिस या दुसऱ्या डॉक्टरला सोबत घेऊन त्यानं रेडियम ल्युमिनस मटेरियल कॉर्पोरेशन काढली. रंगाचं नाव ठेवलं 'अनडार्क'. अंधार घालवणारा, असं काहीतरी.

तेवढ्यात युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं आणि या रंगाला गिऱ्हाईक मिळालं.

बंदुकीचा नेम कसा धरतात, हे माहीत असेल तर अडचण लगेच कळते. नळीच्या पुढच्या टोकावर छोटासा उंचवटा असतो, ती माशी. मागे डोळ्याजवळ खाच असते. खाचेतून माशी बरोबर मध्ये दिसली पाहिजे आणि माशीच्या टोकावर लक्ष्य बसलं पाहिजे. रायफलची नळी लांब असल्यानं दोन्हीत अंतर भरपूर असतं. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र माशी आणि खाच यांत वीतभराचं अंतर असतं, त्यामुळे माशी केसाएवढी सरकली तरी गोळी भलतीकडे जाते. आणि या दोन्ही गोष्टी असतात काळ्या लोखंडाच्या. दिवसा ते उत्तम, कारण काळं टोक उजेडावर उठून दिसतं. अंधार पडला की काळ्यावर काळं. लक्ष्य एकवेळ आकाशाच्या फिकट पट्टीवर दिसेल, पण स्वतःच्या हातातल्या पिस्तुलाची माशी दिसणार नाही.

पहिल्या महायुद्धात तर बरंचसं काम रात्रीच चालायचं. दिवसा खंदकाबाहेर डोकं काढलं की गोळी. म्हणून तारा तोडायला, टेहळणीला, शत्रूच्या खंदकात घुसून माणसं पकडून आणायला सैनिक अंधारात निघायचे. अरुंद खंदकात लांब रायफल फिरवता येत नाही, तिथे रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूलच कामाचं. मग माशी दिसायला करायचं काय? कंदील लावला तर शत्रूला आयतं लक्ष्य. काडी पेटवली तर अंधाराला सरावलेले आपलेच डोळे पुन्हा आंधळे, आणि ते परत सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. कुणी माशीवर पांढरा रंग लावून बघितला, पण मुळात उजेडच नसेल तर पांढरा रंगही काळाच.

रेडियमच्या रंगानं हा पेच सोडवला. माशीच्या डोळ्याकडच्या बाजूला एक ठिपका, खाचेच्या दोन्ही अंगांना एकेक. उजेड इतका मंद की हातभर अंतरावरून नेम धरणाऱ्याला स्पष्ट दिसावा, पण समोरच्याला त्याचा पत्ता लागू नये. वर तो हिरवट. अंधारात आपला डोळा हिरवट उजेडालाच सगळ्यात चांगला दाद देतो, म्हणजे निसर्गानंही साथच दिली. जर्मन आणि ब्रिटिश या दोन्ही सैन्यांनी रायफलींवर अशी रेडियमची रात्रीची साइट वापरली. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि सोचोकीच्या कंपनीकडे घड्याळं, होकायंत्रं, विमानातले मीटर रंगवायच्या कामाची रीघ लागली. युद्धानंतर कंपनी अनडार्कचा किट सामान्य गिऱ्हाइकालाही विकू लागली. घराचा नंबर, दिव्याचं बटण, बंदुकीची साइट, जे हवं ते घरच्या घरी रंगवा.

युक्ती म्हणून पाहिलं तर यात काहीच चूक नव्हती. घोळ होता तो रंग कुणी आणि कसा लावायचा यात.

न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावात कंपनीचा कारखाना होता. तिथे खनिजापासून रेडियम काढायचे आणि वरच्या मोठ्या खोलीत रंगकाम चालायचं. रंगवणाऱ्या बहुतेक पोरी होत्या, कित्येक तर चौदा-पंधरा वर्षांच्या. दिवसाला अडीचशेच्या घरात डायल आणि एका डायलला साधारण दीड सेंट. त्या काळी पोरीबाळींसाठी ही कमाई चांगली होती. घड्याळावरचा आकडा म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक काम. ब्रशचे केस जरा जरी फाकले तरी रंग बाहेर जाणार. म्हणून त्यांना शिकवलं होतं की ब्रश ओठांत धरून टोक काढायचं, रंगात बुडवायचं, डायल रंगवायची. परत ओठांत. दर वेळी थोडंसं रेडियम पोटात.

संध्याकाळी त्या घरी निघाल्या की त्यांचे केस, कपडे, हात अंधारात चमकायचे. गावात लोक कौतुकानं बघायचे. काही जणी मुद्दाम चांगला फ्रॉक घालून कामाला यायच्या, म्हणजे रात्री नाचाच्या कार्यक्रमात तो झगमगेल. गंमत म्हणून नखांना आणि दातांनासुद्धा रंग लावायच्या.

आणि याच इमारतीत प्रयोगशाळेतले लोक शिशाच्या पडद्याआडून, चिमट्यानं रेडियम हाताळत होते.

इथे सोचोकीबद्दल ठाम मत बनवणं अवघड होतं. रेडियम भाजतं हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण ते त्याच्या स्वतःच्या अंगावर उमटलं होतं. डाव्या हाताच्या तर्जनीत रेडियम शिरलं तेव्हा त्यानं बोटाचं टोकच छाटून टाकलं होतं. तरीही तो रेडियमच्या नळ्या उघड्या हातानं धरायचा, अंधारात त्यांची चमक बघत बसायचा. या माणसाला रेडियमची भीती वाटत नव्हती, प्रेम होतं. १९२१ मध्ये त्यानं एका मासिकात लेख लिहून सांगितलं होतं की एक दिवस लोकांची घरं याच रंगानं उजळतील, भिंतीतून आणि छतातून चांदण्यासारखा उजेड येईल.

त्याच्या आणि त्या काळच्या बऱ्याच जाणकारांच्या डोक्यात हिशोब असा होता: प्रयोगशाळेतलं रेडियम भरपूर, म्हणून धोक्याचं. रंगातलं नाममात्र, म्हणून बिनधोक. उलट श्रीमंत लोक तेव्हा टॉनिक म्हणून रेडियमचं पाणी विकत घेऊन पीत होते. प्रमाणाचा हा हिशोब बाहेरून बरोबर दिसतो. अल्फा कण कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच अडतात, कागदसुद्धा त्यांना थोपवतो. पण रेडियम रासायनिक स्वभावानं कॅल्शियमचा भाऊ आहे. पोटात गेलं की शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडांत नेऊन ठेवतं. तिथे ना कातडी आडवी येते ना कागद. दिवसरात्र, वर्षानुवर्षं अल्फा कण थेट हाडावर आणि हाडातल्या रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर आदळत राहतात. घड्याळावरचे आकडे ज्या कारणानं कधी विझत नव्हते, त्याच कारणानं पोरींची हाडं आतून कुजत होती.

ग्रेस फ्रायर नावाची एक कामगार १९१७ मध्ये तिथे लागली होती. तिच्या सांगण्यानुसार एकदा सोचोकी रंगकामाच्या खोलीतून जात असताना तिच्यापाशी थांबला. तिच्या ओठांत ब्रश होता. असं करू नको, आजारी पडशील, असं तो तिला म्हणाला आणि पुढे निघून गेला. ग्रेसनं मुकादमीण बाईंना विचारलं, त्यांनी काही होत नाही म्हणून सांगितलं. काम पुढे चालू.

सोचोकीच्या आयुष्यातला हा सगळ्यात टोचणारा क्षण. कंपनी त्याची, रंग त्याचा. ओठांनी टोक काढायची पद्धत त्याच दिवशी बंद करणं त्याच्या हातात होतं. एका मुलीला जाता जाता हटकण्यापलीकडे त्यानं त्या वेळी काय केलं, याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही. बोट गमावलेल्या डॉक्टरनं तरी हे जास्त गंभीरपणे घ्यायला हवं होतं.

पुढे कंपनीच त्याच्या हातातून गेली. १९२१ मध्ये भागीदारीच्या राजकारणात सोचोकी बाहेर फेकला गेला. सूत्रं आर्थर रोडर याच्याकडे आली आणि कंपनीचं नाव युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन झालं. पुढच्याच वर्षी जुना भागीदार विलिसचा अंगठा कॅन्सरमुळे कापावा लागला. त्यानं वैद्यकीय नियतकालिकात लिहून रेडियम हाताळणाऱ्यांना सावध केलं. डायल रंगवणाऱ्या पोरींपर्यंत ते पोचलं नाही.

सप्टेंबर १९२२ मध्ये मॉली मॅगिया गेली. आधी दात दुखला, मग एकेक दात पडत गेले, मग जबडाच हातात यायला लागला. कागदोपत्री तिच्या मृत्यूचं कारण लिहिलं गेलं गुप्तरोग. पाच वर्षांनी तिचं शरीर उकरून तपासलं तेव्हा त्या रोगाचा मागमूस नव्हता. हाडं मात्र किरणोत्सारी होती.

तिच्यामागून आणखी पोरी आजारी पडल्या. कंपनीनं १९२४ मध्ये हार्वर्डच्या तज्ज्ञांना बोलावलं. त्यांना कारखान्यात सगळीकडे चमकणारी धूळ दिसली, दोष रंगाकडे जातोय हेही दिसलं. अहवाल गैरसोयीचा निघाला म्हणून कंपनीनं तो दाबून ठेवला आणि सरकारी खात्याला वेगळंच चित्र दाखवलं. तिथला मुख्य रसायनतज्ज्ञ एडविन लेमन याच्या हातांवर जखमा होत्या. तज्ज्ञांनी त्याला सांभाळायला सांगितलं, त्यानं हसण्यावारी नेलं. जून १९२५ मध्ये तो मेला.

लेमन गेला तेव्हा हॅरिसन मार्टलँड या सरकारी शवचिकित्सकानं प्रकरण हातात घेतलं. त्याला हवं होतं जिवंत माणसाच्या शरीरात रेडियम आहे की नाही हे सिद्ध करणं. तोवर अशी चाचणीच नव्हती. इथे सोचोकी पुन्हा या गोष्टीत येतो, आणि या वेळी दुसऱ्या बाजूनं.

कंपनी तोंड उघडायला तयार नव्हती. रंगात काय काय असतं हे बाहेरच्यांपैकी सोचोकीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं मार्टलँडला मदत केली. चाचणीमागची कल्पना सोपी आहे. रेडियम फुटलं की त्यातून रेडॉन नावाचा वायू तयार होतो. शरीरात रेडियम असेल तर रेडॉन रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणजे माणसाला उपकरणात फुंकायला लावायचं आणि श्वास किती किरणोत्सारी आहे ते मोजायचं. दुसरीकडे शरीराजवळ उपकरण ठेवून बाहेर येणारे किरण मोजायचे.

एकेका मुलीची तपासणी झाली. संशय खरा ठरला. आणि मग सोचोकीनं स्वतः फुंकर मारली. तपासलेल्या सगळ्यांत जास्त किरणोत्सारी श्वास त्याचाच निघाला.

त्यानं ब्रश कधी ओठांत धरला नव्हता. पण वर्षानुवर्षं रेडियम उकळताना, गाळताना, पुडीत मिसळताना त्यानं ते नाकातोंडावाटे आत घेतलं होतं. दुसऱ्यांचा आजार मोजायच्या यंत्रानं त्याला त्याचं स्वतःचं भविष्य सांगितलं. उपाय नव्हता. हाडात बसलेलं रेडियम काढायची सोय तेव्हाच्या वैद्यकशास्त्रात नव्हती. त्यानंतरही त्यानं मार्टलँडची साथ सोडली नाही, हे त्याच्या खात्यात मांडायला हवं.

१९२७ मध्ये ग्रेस फ्रायरनं कंपनीवर दावा लावला. वकील मिळवायलाच तिला दोन वर्षं घासावी लागली होती, शेवटी रेमंड बेरी नावाच्या तरुण वकिलानं केस घेतली. तिच्यासोबत आणखी चौघी उभ्या राहिल्या: कॅथरीन शॉब, एडना हसमन आणि मॉलीच्या दोन सख्ख्या बहिणी, क्विंटा मॅकडोनल्ड आणि अल्बिना लॅरिस. कंपनीचा बचाव असा की कायद्यानं दोन वर्षांच्या आत दावा करायचा असतो, यांनी उशीर केला. हाडात बसलेलं विष दोन वर्षांत दिसत नाही, ही त्यांची चूक! कोर्टात हातही वर न उचलता येणाऱ्या पोरींची केस एप्रिल १९२८ मध्ये थेट सप्टेंबरवर ढकलली गेली, कारण कंपनीचे साक्षीदार सुट्टीला युरोपात जाणार होते. पेपरांनी यावर रान उठवलं. अखेर जूनमध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला रोख १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि दवाखान्याचा खर्च. कंपनीनं चूक कबूल केली नाही.

त्याच वर्षी सोचोकीनं अंथरूण धरलं. हाडातली मज्जा रक्त तयार करायचं थांबली होती. डॉक्टरी भाषेत ॲप्लास्टिक ॲनिमिया. पुन्हापुन्हा बाहेरून रक्त चढवलं, पण नवं रक्त तयारच होत नसेल तर उसनं किती दिवस पुरणार? नोव्हेंबर १९२८ मध्ये तो गेला. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. आपल्या औषधानं जग उजळेल म्हणणारा डॉक्टर स्वतःच त्या औषधाचा रोगी होऊन गेला, म्हणून पेपरांनी त्याची बातमी ठळक छापली.

क्विंटा १९२९ मध्ये गेली, कॅथरीन आणि ग्रेस १९३३ मध्ये.

मार्टलँड आणि सोचोकीनं सुरू केलेली मोजणी मात्र पुढे चालली. दुसऱ्या महायुद्धाआधी परत लष्करी डायल रंगवायची वेळ आली, तेव्हा याच कामगारांच्या नोंदींवरून अमेरिकेनं १९४१ मध्ये पहिल्यांदा मर्यादा घातली: माणसाच्या शरीरात एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त रेडियम असता कामा नये. अणुबॉम्बच्या प्रकल्पात प्लुटोनियम हाताळणाऱ्यांसाठीचे नियम बसवतानाही याच अनुभवाचा आधार घेतला गेला. ऑरेंजमधल्या कारखान्याची जागा १९८० च्या दशकात अमेरिकेच्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या सरकारी यादीत गेली आणि तिथली माती उकरून न्यावी लागली.

पिस्तुलाची माशी अंधारात दिसायची अडचण आजही तीच आहे, उत्तर बदललं. आता पोलिसांच्या आणि सैनिकांच्या पिस्तुलांवर ट्रिटियमची साइट असते. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ. हा वायू काचेच्या बारीक नळीत कोंडतात, नळीच्या आतल्या भिंतीला चमकणारी पूड असते. तत्त्व सोचोकीचंच, फक्त रंग उघडा लावायचा नाही, आणि किरण इतके दुबळे की काच ओलांडून बाहेरच येत नाहीत. साधारण १२ वर्षांत ट्रिटियम निम्मं होतं आणि साइट मंदावते, मग बदलायची.

रेडियमचं तसं नाही. त्याला निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात. त्याच्या माऱ्यानं झिंक सल्फाइडची पूडच आधी थकते, म्हणून त्या काळच्या घड्याळांचे आकडे आज अंधारात दिसत नाहीत. घरात आजोबा-पणजोबांचं असं जुनं घड्याळ असेल तर काच उघडून डायल खरवडायच्या भानगडीत पडू नका.